स्वतः तयार केलेल्या गायगर मापकाची चाचणी कशी घ्यावी? क्ष-किरण विभागात तो वापरता येईल काय?

प्रश्न: वैनगंगाकाठ

नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एसबीएम-२० ही गायगर-म्यूलर नळी, तिला ४०० व्होल्ट पुरवणारे सर्किट आणि आर्डुइनो हा छोटा संगणकीय बोर्ड वापरून किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण तयार केले आहे. पडद्यावर प्रतिमिनिट काउंट (नळीने नोंदवलेले किरण) आणि त्याखाली मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणमात्रेचे एकक) प्रतितास असे दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा काउंटला ०.००५७ ने गुणून काढलेला आहे. इंटरनेटवरील अनेक प्रकल्पांत हाच गुणक जसाच्या तसा वापरलेला आढळतो.

हे उपकरण पाहून येथील ग्रामीण रुग्णालयातील क्ष-किरण तंत्रज्ञांनी ते आपल्या खोलीत ठेवता येईल का, अशी विचारणा केली. मिळालेली किरणमात्रा नोंदवणारा, अंगावर लावायचा त्यांचा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेकडे जातो आणि अहवाल त्यानंतर हाती पडतो. आज किती मात्रा मिळाली हे आजच कळावे, ही त्यांची इच्छा अगदी रास्त आहे. मात्र ज्या आकड्याची खात्री नाही तो त्यांच्या हाती देण्यास माझे मन धजत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो की, या उपकरणाची चाचणी कशी घ्यावी, परवान्याची गरज नसलेला कोणता स्रोत त्यासाठी वापरता येईल, आणि टिनाच्या छपराखालच्या आमच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा या आकड्यावर किती विश्वास ठेवावा?

उत्तर: मापन_आणि_मानके

सर, माझे बरेचसे आयुष्य किरणोत्सर्ग मापकांच्या अंशशोधनात, म्हणजे कॅलिब्रेशनमध्ये, गेले आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

सुरुवात त्या ०.००५७ पासून करू. एक मिलिरॉन्टजेन (रॉन्टजेन हे किरण मोजण्याचे जुने एकक) प्रतितास एवढ्या किरणक्षेत्रात ही नळी रेडियम-२२६ च्या किरणांसाठी सेकंदाला २९ काउंट देते आणि कोबाल्ट-६० च्या किरणांसाठी २२, असे तिच्या माहितीपत्रकात दिलेले असते. २९ ला ६० ने गुणले की मिनिटाला १७४० काउंट होतात. एक मिलिरॉन्टजेन म्हणजे ढोबळमानाने १० मायक्रोसिव्हर्ट, म्हणून १० भागिले १७४० केले की आपला गुणक मिळतो. हाच हिशेब कोबाल्टचा आकडा घेऊन केला तर उत्तर ०.००७६ येते. नळी तीच आणि क्षेत्रही तेवढेच. फक्त किरणांची ऊर्जा बदलली आणि गुणक एक तृतीयांशाने वाढला.

कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा ११७० आणि १३३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर रुग्णालयातील क्ष-किरण बहुतांशी ३० ते १०० च्या पट्ट्यात येतात. या पट्ट्यात, ऊर्जेतील फरकाची भरपाई करणारे धातूचे आवरण नसलेली नळी खऱ्या मात्रेच्या कितीतरी पट आकडा दाखवू शकते. मात्रा म्हणजे पदार्थाच्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये शोषली गेलेली ऊर्जा. नळी मात्र किरण आला एवढीच नोंद करते, त्याने किती ऊर्जा सोडली हे तिला कळत नाही.

याहून गंभीर अडचण वेळेची आहे. छातीचा एक्स-रे काढताना किरण सहसा सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ चालू असतात. प्रत्येक काउंटनंतर नळी सुमारे १०० मायक्रोसेकंद काहीच नोंदवू शकत नाही, असे धरले तर ०.१ सेकंदात ती फार तर हजार काउंट देईल, मग किरण त्याच्या दसपट येवोत की शंभरपट. त्यात तो हजाराचा आकडाही मिनिटभराच्या सरासरीत मिसळून जातो. म्हणजे ऊर्जेमुळे उपकरण जास्त दाखवते आणि क्षणिक एक्सपोजरमुळे कमी दाखवते. या दोन चुका एकमेकींना खोडतील, अशा भरवशावर कोणाच्या प्रकृतीचा हिशेब मांडता येत नाही.

अंगावर लावायच्या इलेक्ट्रॉनिक मात्रामापकाची चाचणी कशी होते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगा. आपल्या देशात आयनीकारक किरणोत्सर्गाच्या मापनाची राष्ट्रीय मानके भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहेत. मात्रा आधीच अचूक ठाऊक असलेल्या सीझियम-१३७ च्या क्षेत्रात उपकरण ठेवतात, पण ते अधांतरी ठेवत नाहीत. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरच्या, पाण्याने भरलेल्या चपट्या पेटीच्या दर्शनी बाजूवर लावतात, कारण माणसाच्या छातीवरून काही किरण मागे उसळतात आणि तेही मापकात शिरतात. मग गाळलेल्या क्ष-किरणांच्या वेगवेगळ्या ऊर्जांवर वाचन घेतात, उपकरण किरणांच्या दिशेशी तिरपे करून पुन्हा घेतात आणि मात्रेचा दर वाढवत नेऊन वाचन कोठे मागे पडू लागते ते पाहतात. त्यानंतर उष्णता, दमटपणा आणि शेजारच्या मोबाइलचा परिणाम तपासतात. या सर्वांतून गेल्यावर जो आकडा येतो तो शरीरात १० मिलिमीटर खोलीवरच्या मात्रेचा अंदाज असतो.

उत्तर: पऱ्हाटीचा_तंत्रज्ञ

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. ऊर्जेचा जो मुद्दा वर आला आहे, तोच आमच्या बॅजच्या रचनेत दिसतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. एकीसमोर धातूची गाळणी, दुसरीसमोर प्लास्टिकची आणि तिसरी उघडी. हा पदार्थ कमी ऊर्जेच्या किरणांना शरीरापेक्षा पुष्कळच जास्त प्रतिसाद देतो, म्हणून तीन चकत्यांच्या वाचनांचे गुणोत्तर पाहून किरण कोणत्या ऊर्जेचे होते हे ठरवतात आणि मग मात्रा काढतात. आपल्या विद्यार्थ्यांच्या उपकरणात नळी एकच आहे. तिला असे गुणोत्तर काढता येणार नाही.

बॅजला उन्हाचे भय फारसे नाही. चकती तापवून वाचताना मुख्य प्रकाश २२० अंश सेल्सिअसच्या आसपास बाहेर पडतो, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्याने साठलेली नोंद सहसा पुसली जात नाही. अहवाल बिघडतो तो हाताळणीने. बॅज लावलेला एप्रन खोलीतच खुंटीला टांगून माणूस घरी जातो आणि बॅज मात्र दिवसभर किरण खात राहतो; तुलनेसाठी दिलेला कंट्रोल बॅज कोणीतरी क्ष-किरण खोलीच्याच ड्रॉवरमध्ये टाकून ठेवतो. बॅज शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावावा आणि काम संपल्यावर किरणांपासून दूर ठेवावा.

अणुऊर्जा नियामक मंडळाने आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांना सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. सर्वसामान्य माणसासाठी ती वर्षाला १ आहे. या मर्यादांशी ताडून पाहायची नोंद बॅजचीच असते. तरीही त्या तंत्रज्ञ बंधूंची तळमळ मला समजते. समोरचा आडोसा पुरेसा आहे की नाही, हे खेड्यातल्या रुग्णालयात सहसा कोणी समजावून सांगत नाही आणि मनात धाकधूक राहते. माझ्या मते त्यांनी आधी आडोशामागे आणि दाराबाहेर रीतसर सर्वेक्षण करून घेण्याचा आग्रह धरावा.

उत्तर: काळी_माती

अमरावतीकडच्या एका महाविद्यालयात आम्ही असाच प्रकल्प करतो, म्हणून स्रोताविषयी आणि उष्णतेविषयी लिहितो. उत्तम स्रोत कृषी केंद्रात मिळतो: म्युरेट ऑफ पोटॅश. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असते, त्यामुळे या खताच्या एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे १५ अणूंचे विघटन होते. खत प्लास्टिकच्या डब्यात भरून नळी त्याला टेकवून ठेवावी. जागा आणि अंतर दर वेळी तेच असावे. याने मात्रेचे अंशशोधन होत नाही. उपकरण कालच्यासारखेच वागते आहे की नाही, एवढे मात्र खात्रीने कळते.

घाई करू नये. १०० काउंटमध्ये चढउतार १० टक्क्यांचा असतो आणि १०,००० काउंटमध्ये एक टक्क्याचा. पार्श्वभूमीचे, म्हणजे स्रोत नसतानाही निसर्गातून येणाऱ्या किरणांचे, मिनिटाला २५ काउंट पडत असतील तर एक टक्क्यापर्यंत पोहोचण्यास पावणेसात तास लागतात. रात्रभर मोजणी चालू ठेवावी. आमच्याकडे काळा बेसाल्ट आणि आपल्याकडे ग्रॅनाइट व नाइस असल्यामुळे आपली पार्श्वभूमी आमच्यापेक्षा जास्त भरली तर नवल वाटू नये.

नळी बंद असल्याने आतला वायू उन्हात कमी होत नाही, पण सर्किट तापते आणि उच्च व्होल्टेज सरकते. ते साध्या मल्टिमीटरने मोजू नका. त्याचा १० मेगाओमचा रोध ४०० व्होल्टवर ४० मायक्रोॲम्पिअर ओढतो, एवढ्याशा पुरवठ्याला ते झेपत नाही आणि व्होल्टेज खरोखरच खाली बसते. एक गिगाओमची रोधमालिका जोडून मोजावे. ३५० ते ४७५ व्होल्टदरम्यान काउंट जवळजवळ स्थिर राहतात, तेव्हा तो सपाट भाग सकाळी आणि भर दुपारी असा दोन्ही वेळा आलेखावर काढून पाहा. पावसाळ्यात बोर्डावर राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स ओल धरतो आणि गळती सुरू होते. बोर्ड आधीच स्वच्छ करून वर वार्निश द्यावे.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पडद्यावरील मायक्रोसिव्हर्टची ओळ आम्ही काढून टाकत आहोत आणि उपकरण महाविद्यालयातच राहील. रुग्णालयातील यंत्राच्या गुणवत्ता चाचणीसाठी लवकरच अभियंते येणार आहेत. त्यांच्याकडील अंशशोधित मापकाशेजारी आमचे उपकरण ठेवू दिले, तर विद्यार्थ्यांना काही शिकता येईल काय?

मापन_आणि_मानके

जरूर शिकता येईल. मात्र यंत्र तंत्रज्ञांनीच चालवावे, त्यासाठी जादा एक्सपोजर देऊ नये आणि विद्यार्थी बाहेरच थांबावेत. दोन्ही उपकरणे आडोशामागे एकाच उंचीवर ठेवा आणि प्रत्येक एक्सपोजरचे किलोव्होल्ट, मिलिॲम्पिअर, वेळ व दोन्ही वाचने लिहून घ्या. अभियंत्यांचा मापक हवेशी जोडलेल्या आयनकक्षाचा (बाहेरच्या हवेला खुल्या कक्षात किरणांमुळे तयार होणारा विद्युतभार मोजणारा) असेल, तर त्याला तापमान व दाबाची दुरुस्ती लावली आहे का, हेही विचारा. २० अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबावर अंशशोधित केलेला असा कक्ष ४५ अंशांना आठ टक्के कमी दाखवतो, आणि नागपूरएवढ्या, म्हणजे सुमारे ३१० मीटर उंचीवर ही तूट बाराच्या जवळ जाते.