ऑफिसात किटली आहे, गॅस नाही: कुठला चहा आणावा?

मिऱ्याबंदर
रत्नागिरीत एमआयडीसीतलं लहान ऑफिस, माणसं पाच. शेगडीला परवानगी नाही. दीड लिटरची इलेक्ट्रिक किटली आहे, एक छोटा फ्रिज आहे. टपरीवरचा चहा दिवसातून तीनदा प्यायला की चहापेक्षा साखरच जास्त पोटात जाते, म्हणून स्वतःची सोय करायची आहे. टी-बॅगा आणल्या तर आठवडाभर बऱ्या लागतात, मग पुठ्ठ्यासारख्या. कुठला चहा आणावा, किती आणावा आणि पावसाळ्यात तो टिकवावा कसा? दोघांना दुधाशिवाय चालत नाही, बाकीचे कोरा पितात.

कोराचहा
पुठ्ठ्याची चव ब्रँडमुळे येत नाही, हवेमुळे येते. कारखान्यातून निघताना चहात पाण्याचा अंश जेमतेम ३ टक्के असतो. आपल्याकडे जूनपासून हवाच इतकी ओली की उघडं पाकीट बघता बघता सादळतं. आधी सुवास जातो, मग चव पाणचट होते आणि शेवटी कुबट वास येतो. रंग मात्र शेवटपर्यंत येत राहतो, म्हणून बिघाड लवकर लक्षात येत नाही. कागदी टी-बॅगांचं खोकं यात सगळ्यात आधी मरतं. प्रत्येक बॅग वेगळ्या फॉइलमध्ये बंद असेल तरच ती पावसाळ्यात घ्यावी.

डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आणि चहा मावेल एवढाच लहान. मोठ्या डब्यात तळाला चहा आणि वर हवा, म्हणजे पुन्हा तेच. झाकण उघडून कपावर धरू नका, वाफ आत जाते. चमचा कोरडा हवा. फ्रिजमध्ये तर अजिबात नको: गार डबा बाहेर काढून उघडला की पत्तीवर दव धरतं. आणि चहा शेजारचा वास ओढून घेतो. अगरबत्ती, लोणचं किंवा कुणाच्या डब्यातली सुकटीची चटणी त्याच खणात असेल, तर दार्जिलिंगचे पैसे फुकट गेले समजा.

किती घ्यायचा ते हिशेबाने ठरवा. एका कपाला २ ग्रॅम. दिवसाला दोन कप आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर एका माणसाला १०० ग्रॅम पुरतो. कोरा पिणारे तिघे, म्हणजे महिन्याला ३०० ग्रॅम. तो एका पाकिटात न घेता शंभर-शंभर ग्रॅमच्या तीन पाकिटांत घ्या आणि एक संपल्यावरच दुसरं फोडा. ‘किलो घेतला की स्वस्त पडतो’ हे घाटावर ठीक आहे.

आता कुठला. गॅस नाही म्हणजे उकळणं नाही, नुसतं मुरवणं. त्यासाठी पानाचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स चहा घ्या. गोळीचा सीटीसी चहा दुधात उकळायला उत्तम. कोरा मुरवला तर तो मिनिटभरात रंग सोडतो आणि चौथ्या मिनिटाला जीभ आवळतो. टी-बॅगेत बहुतेक याहून बारीक भुकटी असते, तिला दोन मिनिटं पुष्कळ झाली.

सुरुवात निलगिरीच्या पानाने करा. फोनवर बोलताना मिनिटभर जास्त राहिला तरी फारसा कडवट होत नाही, ऑफिसात हा गुण मोठा आहे. उकळतं पाणी, ३ ते ४ मिनिटं. सकाळच्या पहिल्या कपाला आसाम ऑर्थोडॉक्स: तोही उकळत्या पाण्यात, ४ मिनिटं. अंगाने भारी असतो, थोडं दूध पेलतो. दार्जिलिंग चार वाजताच्या निवांत सुट्टीसाठी ठेवा. त्यातली फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची पहिली तोड हलकी, हिरवट, फुलासारखी; तिला जरा निवलेलं पाणी आणि ३ मिनिटं. मे-जूनच्या दुसऱ्या तोडीचा चहा जास्त गोलसर, आणि माझ्या मते पैसे वसूल करणारा. पाकिटावर टी बोर्डाचं दार्जिलिंगचं चिन्ह बघून घ्या.

एक गोष्ट बहुतेकांची चुकते. चमचा हे माप पानाच्या चहाला चालत नाही. गोळीचा चहा चमच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास बसतो, लांब पानाचा जेमतेम एक. म्हणून पानाचे दोन चमचे घ्या, नाहीतर ‘महागडा चहा पण चव काही नाही’ हेच ऐकायला मिळेल. गाळणी कपात उतरणारी, खोल आणि रुंद हवी. साखळीचा तो छोटा जाळीदार गोळा नको, त्यात पान फुलायला जागा मिळत नाही. त्याच पानावर दुसऱ्यांदा पाणी घालता येतं, मिनिटभर जास्त ठेवून. ओलं पान उद्यासाठी मात्र ठेवू नका.

गवतीपात
कोरावाल्यांचं झालं, आता दुधावाल्यांचं. किटलीत दूध ओतायचं नाही. तळाला लागून जळतं, उतू गेलं तर स्विचमध्ये जातं, आणि पुढे महिनाभर कोऱ्या चहाला करपलेल्या दुधाचा वास.

दोन कपांसाठी झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ५ ग्रॅम सीटीसी, म्हणजे सपाट दोन चमचे, त्यावर २०० मिली खळखळतं पाणी, झाकण ठेवून ४ मिनिटं. गाळून मग १०० मिली दूध. दूध फ्रिजमधून थेट ओतलं तर चहा कोमट होतो, म्हणून दुधाचा पेला आधी पाच-दहा मिनिटं गरम पाण्यात उभा ठेवा. २०० मिलीचा टेट्रापॅक सोयीचा; फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. घरून थर्मासमध्ये गरम दूध आणण्याच्या फंदात पडू नका. ते हळूहळू कोमटावर येतं आणि दुपारपर्यंत नासतं.

दूध पावडर वापरणार असाल तर कपाला दोन चमचे, आधी दोन चमचे कोमट पाण्यात कालवून. उकळत्या चहावर भुरभुरली की गुठळ्या होणारच. ‘डेअरी व्हाइटनर’ घेतलात तर मागचं लेबल वाचा, त्यात बहुधा साखर असते. मग टपरी सोडून उपयोग काय?

गवती चहा पाकिटातला विकत घेऊ नका. परड्यात आहेच, आणि सुकवला की त्याचा अर्धा जीव जातो. दोन कपांना एक लांब पात, धुऊन, कात्रीने बोटभर तुकडे करून. पातीला धार असते, हाताने ओढून तोडू नका. तुकडे चहाबरोबरच भांड्यात टाका. ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवलेली पात फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. आलं ठेचून सुपारीएवढं, तेही उकळत्या पाण्यात. कच्च्या आल्यात दूध नासवणारं एक एन्झाइम असतं, ते उष्णतेने निकामी होतं. आलं आधी दुधात पडलं तर चहा फाटतो तो याच्यामुळे. गूळ हवा असेल तर सगळ्यात शेवटी, कपात.

आधण
कोणी पाण्याचं बोललं नाही. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं, चहाला छान. पण किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि त्या पाण्यात कुठलाही चहा सारखाच वाईट लागतो. पाणी नुसतं पिऊन बघा. खारट लागलं तर चहासाठी जारचं पाणी वापरा.

कोऱ्या चहावर तेलकट तवंग येत असेल तर तो भेसळीचा नव्हे, जड पाण्याचा. दोन थेंब लिंबाने जातो. किटलीत पांढरं किटण धरलं असेल तर निम्मं पाणी नि निम्मं व्हिनेगर घालून उकळा, अर्धा तास ठेवा, मग साधं पाणी दोनदा उकळून फेका.

भेसळ तपासायची असेल तर ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर चहा पसरा. लगेच गडद डाग पसरले तर वरून रंग लावलेला आहे.

मिऱ्याबंदर
तिघांनाही धन्यवाद. अजून दोन शंका. ग्रीन टी आमच्याकडे हमखास कडू होतो. थर्मामीटर घेऊ का? आणि मे महिन्यात दुपारी गरम काही घशाखाली जात नाही, तेव्हा काय?

कोराचहा
थर्मामीटर नको. कपात आधी ५० मिली साधं पाणी, वर १५० मिली उकळतं. पाणी ८० अंशांच्या आसपास येतं. मग २ ग्रॅम पत्ती आणि दोन मिनिटं, जास्त नाही. उकळत्या पाण्यात ग्रीन टीतला कडवटपणा आणि तुरटपणा भराभर उतरतो, लोक नाव मात्र पत्तीला ठेवतात. रिकाम्या पोटी काहींना मळमळतं, त्यांनी तसा घेऊ नये. जेवणाला लागून कुठलाच खरा चहा नको: अन्नातलं लोह, विशेषतः भाजी-डाळीतलं, अंगाला कमी लागतं. तासभर जाऊ द्या. संध्याकाळी उशिरा ज्यांची झोप उडते त्यांनी नुसती गवती चहाची पात गरम पाण्यात मुरवावी, तिच्यात कॅफीन नसतं.

मे महिन्यासाठी गार पाण्यात मुरवलेला चहा करा. अर्धा लिटर प्यायच्या थंड पाण्यात ५ ग्रॅम निलगिरी किंवा दार्जिलिंग, काचेच्या बाटलीत, झाकण लावून फ्रिजमध्ये. सकाळी साडेनऊला ठेवला की चारला तयार, गाळून घ्या. तुरट जवळजवळ होत नाही, त्यामुळे साखरेची आठवणही येत नाही. पाणी मात्र उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं हवं, कारण पुढे कुठेही उष्णता लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा. गरम करून मग गार केलेला चहा कधीकधी गढुळतो. तो बिघडलेला नसतो, थोडं गरम पाणी घातलं की पुन्हा नितळ होतो.

गवतीपात
बाटलीत पातीचे दोन तुकडे टाका. आमसूल टाकायचा मोह झाला तर धुऊन एकच, आणि तो गाळल्यानंतर. आमसूल मिठात मुरलेलं असतं, सकाळपासून बाटलीत राहिलं तर चार वाजता चहा नाही, सार प्याल.