एफ३ए (रेडिओ कंट्रोल विमानांच्या कसरतींची स्पर्धा): दोन मीटरचं विमान घ्यावं, की आहे त्यावरच सराव?

शेपटीजड: सध्या १.२ मीटर पंखांचं फोमचं मॉडेल आहे, ४एस २२०० (चार सेल, २२०० एमएएच) बॅटरीवर. लूप, स्टॉल टर्न, उलटं उड्डाण जमतं, पण गुण दहापैकी पाच-सहाच्या वर जात नाहीत. सरळ वर चढताना विमान डावीकडे झुकतं आणि स्लो रोलमध्ये (लांबीच्या अक्षाभोवती सावकाश पूर्ण फेरी) नाक भरकटतं. एक वापरलेलं दोन मीटरचं १०एस विमान दोन बॅटरी पॅकसकट मिळतंय. ते घेतलं तर फरक पडेल का?

उभी_रेघ: तुम्ही सांगितलेले दोन्ही दोष ट्रिमिंगचे (विमान आपोआप सरळ उडावं म्हणून केलेली जुळवणी) वाटतात. ते काढता आले नाहीत तर नव्या विमानातही तेच होईल, फक्त महागात पडेल.

आधी सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य. ४५ अंशांत चढताना विमान उलटं करा आणि एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणारी) स्टिक सोडा. रेघ थोडी टिकून नाक सावकाश खाली आलं तर ठीक. लगेच पडलं तर नाक जड आहे. बॅटरी एका वेळी ३ मिमीच मागे सरकवा. उलटं असताना आपोआप वर चढायला लागलं तर मात्र तेवढीच पुढे आणा.

मग उभी रेघ. वारा पडलेला असताना पूर्ण थ्रॉटलवर सरळ वर न्या. डावीकडे गेलं तर थ्रॉटल बंद करून सरळ खाली आणून पाहा. खाली येतानाही डावीकडेच जात असेल तर रडर (शेपटीवरचं डावं-उजवं सुकाणू) वाकडा आहे. फक्त मोटर चालू असताना जात असेल तर उजवा थ्रस्ट, म्हणजे मोटरचा उजवीकडचा कल, कमी पडतोय. मागून पाहता मोटर माउंटच्या डाव्या स्क्रूंखाली अर्ध्या मिमीचा वॉशर टाका. स्क्रूंमध्ये २५-३० मिमी अंतर असेल तर साधारण एक अंश मिळतो. रडर ट्रिमने झाकायला जाल तर थ्रॉटल कमी करताच विमान उजवीकडे पळेल.

नाईफ एजमध्ये (विमान कुशीवर, पंख उभे) नाक चाकांकडे ओढलं जात असेल तर रडर ते एलिव्हेटर मिक्स (रडर दिला की ट्रान्समीटर आपोआप थोडा एलिव्हेटर देतो), अप बाजूला ३ टक्क्यांपासून. डावा आणि उजवा रडर वेगवेगळा तपासा, आकडे क्वचितच सारखे येतात. एवढं झाल्यावर जे भरकटेल ते अंगठ्यांचं.

काँट्रा_प्रेमी: इतकंही सरसकट नको. वाऱ्यात पाच किलोच्या आतबाहेरचं विमान रेघ धरतं, फोम डगमगतो, आणि परीक्षक मार्ग बघतात. मार्गात साधारण १५ अंशांची चूक म्हणजे एक गुण गेला. काँट्रा ड्राइव्हवर दोन पंखे उलटसुलट फिरतात, टॉर्क एकमेकांत जिरतो आणि खाली येताना वेगही आवरतो. पण हे सात-साडेसात गुणांच्या पुढचं गणित. तुमच्या टप्प्याला पैसे घालायचेच असतील तर एलिव्हेटरच्या सर्वोत (पृष्ठभाग हलवणारी छोटी मोटर) घाला. हॉर्न धरून हलवल्यावर पृष्ठभाग १ मिमी जरी ढिला वाटला तरी रेघ सरळ राहत नाही. लिंकेजची (सर्वो आणि पृष्ठभाग जोडणारी सळई) भोकं आधी बघा, बऱ्याचदा ढिलाई तिथेच असते.

उभी_रेघ: मान्य. पण पॅकचा हिशोबही बघा. १०एस ५००० म्हणजे १८५ वॅट-तास, ४एस २२०० म्हणजे साडेबत्तीस. मैदानावर १२ व्होल्ट ६० एएचच्या बॅटरीवरून चार्ज करत असाल आणि ती निम्मीच वापरत असाल, तर मोठ्या विमानाची दोन चार्जिंग होतात, लहानाची दहा-बारा. शिवाय १सीला (पॅकच्या क्षमतेइतक्या करंटला) तास जातो. तोवर वारा सुटलेला असतो.

खिडकी_६०: कोणीच न काढलेला मुद्दा: उंची. एफ३एची चौकट (हवेतली हद्द, जिच्या आत कसरती करायच्या) पायलटपासून १५० मीटर अंतरावर उडते आणि वर ६० अंशांपर्यंत जाते, म्हणजे सुमारे २६० मीटर. आपल्याकडे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनची हद्द १२० मीटर, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीमध्ये असाल तर ६०च. त्यावर यलो झोन, परवानगी लागते. लहान विमान पायलटपासून ६५ मीटर अंतरावर उडवलं तर साठ अंशांना ११२ मीटर होतात. पूर्ण चौकट १२० मीटरच्या हद्दीत बसते! मोठं विमान इतक्या जवळून उडवलं तर चौकटीचं टोक क्षणात येतं.

चौकट जमिनीवरही आखा. पायलटच्या जागेपासून मध्यरेषेवर १० मीटर पुढे, तिथून काटकोनात दोन्ही बाजूंना १७.३ मीटरवर झेंडी. उभ्या जागेवरून ती झेंडी म्हणजे बरोबर ६० अंश.

शेपटीजड: विमान राहू दे मग. आहे त्याच विमानाचे पॅक घेतो. पण सराव काय करू? अख्खं शेड्यूल (स्पर्धेतल्या कसरतींचा ठरलेला क्रम)?

काँट्रा_प्रेमी: नको. एका पॅकला एकच मनुव्हर (कसरत), निम्म्या वेळा डावीकडून, निम्म्या वेळा उजवीकडून. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते, ती कुठली हे पहिल्याच पॅकला कळतं. मध्यरेषेवर ट्रायपॉडला फोन लावा आणि लूपचा वरचा भाग बघा, बहुतेकांचा तिथेच चपटा होतो. स्लो रोलला रडर नाईफ एजवर सर्वात जास्त, उलटं होताना शून्य, आणि एलरॉन (पंखांवरचे, रोल देणारे) मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागी. शेड्यूल कॉलर (पुढची कसरत सांगणारा) सोबत असेल तेव्हा. पॅक सेलमागे ३.७५ व्होल्टवर आला की विमान उतरवा, नाहीतर नवे पॅक लवकर फुगतील.