बटईने शेती करणाऱ्याला सरकारी मदत मिळवता येते का? करार कसा करावा?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा लातूर जिल्ह्यात बटईने पाच एकर जिरायत करतात. सोयाबीन, तूर, ओल असली तर हरभरा. जमीन ज्यांची आहे ते काका पुण्याला असतात. माणूस चांगला, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. व्यवहार सगळा तोंडी: पाडव्याला बोलणं होतं, खर्च निम्मा, माल निम्मा. कागद एकही नाही.

कागद नसला की काय होतं ते करोनाच्या साली कळलं. मार्च २०२० मध्ये केंद्राने पॅकेज जाहीर केलं, त्यात पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता एप्रिलमध्येच ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना द्यायचं ठरलं. (पैसे जादा नव्हते, वर्षाच्या सहा हजारांतलेच.) आमच्या शेताचा हप्ता काकांच्या खात्यावर गेला, कारण १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन ज्याच्या नावावर, तोच लाभार्थी.

जूनमध्ये सोयाबीन उगवलंच नाही. बाबा तास उकरून बघायचे, तर बी कुजून काळं पडलेलं. दुबार पेरणीची बॅग उधारीवर आणली. जे आलं त्याला ऑक्टोबरच्या पावसात शेंगेतच कोंब फुटले. राज्याने १० हजार कोटींचं पॅकेज काढलं, जिरायतीला हेक्टरी १० हजार, दोन हेक्टरपर्यंत. पंचनाम्याच्या दिवशी चिखलात उभे राहून पीक दाखवलं बाबांनी, पण नाव आणि खातं सातबाऱ्यावरून उतरवून घेतलं. काकांनी त्यातले निम्मे स्वतःहून दिले म्हणून निभावलं. प्रत्येक मालक असा नसतो, आमच्याच गावात बाकीच्या बटईदारांना छदामही मिळाला नाही.

पुढे जुलै २०२१ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की पीएम-किसानचे जवळपास तीन हजार कोटी ४२ लाखांवर अपात्र खात्यांत गेले, त्यात प्राप्तिकर भरणारेही होते. वाचून जीव जळाला. बटईदाराला धरताच येत नाही असंही नाही. ओडिशाने कालिया योजनेत भूमिहीन बटईदार धरले, आंध्रने रयतू भरोसामध्ये मागास समाजातली कुळं धरली. मग आपल्याकडे का नाही?

आता मुद्द्याचं. काका म्हणतात, "लिहून द्यायला माझी ना नाही, पण उद्या कूळ लागलं तर?" म्हणजे कसणाऱ्याचा कायद्याने जमिनीवर हक्क बसला तर, ही त्यांची भीती मला समजते. मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आहे, पश्चिम महाराष्ट्राचा १९४८ चा वेगळा. तेव्हा तिकडच्या करारातली कलमं इकडे जशीच्या तशी चालतील का? मुदतीचा नोंदणीकृत करार केला तर मालकाचा हक्क शाबूत राहतो का? पीक विम्याला बटईदार पात्र आहे एवढं मला माहीत आहे. पण तोच करार दाखवून, मालकाच्या संमतीपत्रासह, अतिवृष्टीचं अनुदान थेट बटईदाराच्या खात्यावर कोणी मिळवलंय का? आणि सातबारा नसताना गट करून बँकेचं पीककर्ज कोणाला मिळालंय का?

काका पाडव्याला गावी येणार आहेत, कागद व्हायचा तर तेव्हाच होईल. कोणी असा करार केला असेल तर नावं झाकून मसुदा टाकाल का? लातूर, बीड, धाराशिवकडचा असेल तर फार बरं.