टर्नर आहे, सेटर नाही: तिढा इथे आहे

"आयटीआयच्या मुलांना सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) कोणी घेत नाही" ही नेहमीची तक्रार अर्धीच खरी. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीतल्या मशीन शॉपना नुसतं बटण दाबणारा नको, सेटर हवा असतो, म्हणजे मशीनवर टूल लावून माप जुळवून देणारा.

साधी चाचणी बघा. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ h६ (लहान एच), म्हणजे माप २५.००० ते २४.९८७ मिमीच्या आत हवं. उमेदवार व्हर्निअर उचलतो. त्याचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वात लहान माप) ०.०२, इथे अख्खा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, ०.०१३! डिजिटल मायक्रोमीटरने २५.०२० आलं, तर वेअर ऑफसेटला (टूलच्या झिजेसाठी मशीनमध्ये भरायची दुरुस्ती) एक्समध्ये, म्हणजे व्यासाच्या दिशेच्या अक्षात, उणे ०.०२६ द्यायचं, म्हणजे माप मधोमध येतं. एक्सचा आकडा बहुतेक सीएनसी लेथवर व्यासातच असतो, तरी बरेचजण त्रिज्येचा समजून निम्मंच टाकतात आणि जॉब पुन्हा ओव्हरसाइज.

कंपन्याही काही कमी नाहीत. फ्रेशरच्या पगारात अनुभवी सेटर मागायचा आणि हाताशी असलेल्या अप्रेंटिसला वर्षभर डीबरिंगला (जॉबच्या कडेची धार घासून काढायला) बसवायचं.