गाडी वळवताना पुढून कटकट आवाज, मदत हवी आहे (तातडीचं)

घाटंजीकर: गाडी वळवली की पुढून कटकट-कटकट येते. सरळ रस्त्यावर काहीच नाही. तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, स्टिअरिंगचा रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दांडा) गेला, अख्खा बदलावा लागेल. सोमवारी आईला वर्ध्याला दवाखान्यात न्यायचं आहे, तारीख पुढे सरकत नाही. एवढा खर्च आत्ता करायचा का? लवकर सांगा.

पांढरंसोनं: गाडी कोणती भाऊ? कोणत्या बाजूला वळताना? उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं तरी येतो, की चालतानाच?

घाटंजीकर: वॅगनआर, 2014. चालतानाच.

बोलेरोवाला: सेम आवाज माह्या बोलेरोले होता. प्रोपेलर शाफ्टचा, म्हंजे मागच्या चाकाईले ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेला होता. डोळे झाकून क्रॉस बदला.

पांढरंसोनं: दादा, बोलेरोत ताकद मागच्या चाकांना जाते. वॅगनआर पुढच्या चाकांवर ओढते, तिला प्रोपेलर शाफ्टच नसतो. बदलणार काय?

बोलेरोवाला: मंग बेअरिंग असन. आपल्या रस्त्याईले लहान गाडी टिकतच नाही, मी पहिल्यापासून सांगून राह्यलो.

डेपोकाका: एस.टी.च्या वर्कशॉपात जिंदगी गेली, म्हणून सांगतो. बेअरिंग गेलं तर कटकट नाही होत, घूंऽ होते, अन् ते सरळ रस्त्यावरही ऐकू येते. वळताना बाहेरच्या चाकावर वजन पडते, म्हणून त्या बाजूचं जास्त ओरडते. रॅक ढिला असन तर खड्ड्यात खडखडते, स्टिअरिंग खेळते. बाबू, गाडी मोकळ्या जागेत ने. स्टिअरिंग एका बाजूले पूर्ण वळव, पहिल्या गिअरात हळू गोल फिरव, थोडी रेस दे. मग दुसऱ्या बाजूले. चाकासोबत टकटक जलद होत गेली तर ॲक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी त्याले ताकद पोचवणारा सांधा, गेला समज. तोवर रॅकले पैसे देऊ नोको.

संत्राबाग: टायरमध्ये नायट्रोजन भरता का?

घाटंजीकर: हवेचा विषय नाही. फिरवून पाहिली. रेस दिली की वाढते, डावीकडे वळताना जास्त.

पांढरंसोनं: डावीकडे वळताना भार बाहेरच्या, उजव्या चाकावर येतो. म्हणजे उजवा जॉइंट.

वणीचा_पाना: तसं काही नसतं. माझ्या गाडीला डावीकडेच आवाज होता आणि डावाच निघाला.

डेपोकाका: भांडू नोका, आवाज इकडचा तिकडे फसवते. चाक वळवून मागून टॉर्च मारला तर जॉइंटवरचा रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत ठेवणारं झाकण, दिसते. दोन्हीकडचा पाहून घे, कानापेक्षा डोळ्यानं लवकर समजते.

वणीचा_पाना: शेतात नेता का गाडी? पऱ्हाटीच्या, तुरीच्या धसकटांनी बूट चिरतो. खालून कोणी पाहत नाही.

घाटंजीकर: हो, शेताले पांदणीनंच जावं लागते. दुसरा रस्ता नाही.

संत्राबाग: मातोश्री पाणंद रस्ते योजना आली 2021 मध्ये. ग्रामसभेत ठराव घेतला का? आमच्याकडे अर्ध्या पांदणीवर अतिक्रमण आहे, मोजणीच होत नाही.

घाटंजीकर: पांदणीचं नंतर बोलू, आधी गाडी. आत्ता टॉर्च मारून पाहिलं. उजवीकडचा बूट घडीवर चिरलेला आहे, रिमच्या आतून काळं ग्रीस उडालं आहे, हाताला लावलं तर माती करकरते. डावा चांगला दिसतो. नुसता बूट बदलून भागेल ना?

वणीचा_पाना: भागते. साफ करून नवीन ग्रीस भरा, वर्षभर चालेल.

डेपोकाका: बूट चिरल्याबरोबर ध्यानात आलं असतं तर भागलं असतं. टकटक सुरू झाली म्हणजे आतल्या गोळ्यांनी खाचा खाल्ल्या. नव्या बुटानं ते भरत नाही. बाहेरचा जॉइंट बदल, बूट अन् ग्रीस सोबत नवं घे. आईले घेऊन या गाडीत इतक्या दूर जाऊ नोको. जॉइंट तुटला तर इंजिन चालू राहते पण गाडी पुढे सरकत नाही, आजारी माणूस रस्त्यावर बसते.

बोलेरोवाला: मी पांढरकवड्याले राह्यतो. पार्ट नाही भेटला तर सोमवारी माही गाडी घेऊन जा. ड्रायव्हर पाहिजे तर मीच येतो.

घाटंजीकर: लई उपकार होतील दादा. यवतमाळच्या दुकानात फोन लावतो. काका, ॲक्सल काढताना गॅरेजवाल्याला काय सांगू?

डेपोकाका: ॲक्सल ओढला की गिअर ऑइल गळते. जेवढं गेलं तेवढं, कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं भरायले सांग अन् समोर उभं राहून पाह्य. ॲक्सलचा नट टॉर्क पान्यानं (ठरल्या जोरानं कसणाऱ्या पान्यानं) कसून त्याचं लॉक बसवायले लाव.