मदत हवी आहे : टॅब्लेटसाठी आर्केड जॉयस्टिक – वायरने जोडावी की ब्लूटूथने?

नमस्कार,

दहा इंची अँड्रॉइड टॅब्लेटवर जुने आर्केड खेळ खेळता यावेत म्हणून मी लाकडी कंट्रोल पॅनेल तयार करत आहे. काचेवरच्या बटणांवर आपला अंगठा नेमका कुठे टेकला आहे, हे खाली पाहिल्याशिवाय कळत नाही. १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये तर ‘खाली, तिरके, पुढे आणि ठोसा’ ही हालचाल एका ओघात झाली नाही, तर हातातून अग्निगोळा सुटतच नाही. त्यामुळे अशा खेळांसाठी खऱ्या दांड्याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

सुतारकाम जवळपास पूर्ण झाले आहे. प्लाय १२ मिमीचा असल्याने दाबून बसणाऱ्या बटणांऐवजी नटाने आवळायची ३० मिमीची बटणे घेतली, आणि दांडा पुरेसा वर यावा म्हणून जॉयस्टिकच्या जागी खालच्या बाजूने राउटर (लाकूड कोरण्याचे यंत्र) फिरवून जाडी कमी केली.

सध्या आत प्रो मायक्रो हा छोटा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड आहे. दांड्याच्या व बटणांच्या प्रत्येक मायक्रोस्विचची (छोट्या स्विचची) एक वायर बोर्डाच्या पिनला आणि दुसरी सामाईक ग्राउंडला जोडली असून, बोर्डावरील एटीमेगा ३२यू४ ही चिप थेट यूएसबी गेमपॅड म्हणून काम करत असल्यामुळे वेगळे ॲप लागत नाही. खेळताना प्रतिसाद उत्तम मिळतो. अडचण चार्जिंगची आहे : ओटीजी जोडणीत (टॅब्लेटच्या पोर्टला थेट यूएसबी उपकरण लावण्याच्या सोयीत) टॅब्लेटच बोर्डाला ५ व्होल्ट पुरवतो, त्याचे एकमेव टाइप-सी पोर्ट त्यातच अडकते आणि लांबलेल्या खेळात बॅटरी उतरत जाते.

यावर उपाय म्हणून ईएसपी३२ ही ब्लूटूथ असलेली चिप वापरून बिनतारी जोडणी करून पाहिली. चार्जिंगचा प्रश्न सुटला, पण दांडा भरभर फिरवला की मधली तिरकी दिशा अधूनमधून गळते, आणि पात्र अग्निगोळा टाकण्याऐवजी नुसता ठोसा मारते. तोच दांडा आणि तेच स्विच वायरवर नीट चालतात, म्हणजे दोष यांत्रिक नसावा. ब्लूटूथ लो एनर्जी या कमी वीज लागणाऱ्या प्रकारात दोन संदेशांमधील अंतर ७.५ मिलिसेकंदांपर्यंत खाली येऊ शकते आणि सेकंदाला ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे केवळ वेग अपुरा पडत असेल असे वाटत नाही. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक स्विच बदलला की टॅब्लेटला स्वतंत्र अहवाल (स्विचच्या स्थितीचा संदेश) जातो. ते अहवाल रांगेत तुंबत असावेत, असा माझा संशय आहे.

जाणकारांनी पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे, ही विनंती. सगळे स्विच एकदम वाचून एकच एकत्रित अहवाल पाठवल्यास तिरकी दिशा टिकेल का, आणि टॅब्लेटने ७.५ मिलिसेकंदांचे अंतर खरोखर मान्य केले आहे की नाही, हे ईएसपी३२ च्या बाजूने तपासता येते का? स्विचचा थरथराट (एकाच दाबात संपर्क क्षणभर अनेकदा जुळणे-तुटणे) गाळण्यासाठी मी सध्या ५ मिलिसेकंद थांबून मग दाब नोंदवतो. त्याऐवजी पहिला स्पर्श लगेच नोंदवून पुढचे ५ मिलिसेकंद दुर्लक्ष करणे अधिक योग्य ठरेल का?

आणि वायरच ठेवायची झाल्यास, पॉवर डिलिव्हरीच्या हबमधून (चार्जर आणि इतर उपकरणे एकाच टाइप-सी पोर्टला जोडणाऱ्या जोडपेटीतून) चार्जिंग आणि गेमपॅड एकाच वेळी चालण्यासाठी टॅब्लेटनेही साथ द्यावी लागते. आपला टॅब्लेट ती देतो की नाही, हे हब विकत घेण्यापूर्वी कसे ओळखावे? कोणी असा हब प्रत्यक्ष वापरत असल्यास टॅब्लेटचे मॉडेल कृपया कळवावे.