घोड्याचा लगाम आणि ‘ब्रँक्स’: एकांकिकेसाठी कसा करावा?

रंगपट_करवीर
एकांकिका सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घडते. भांडखोर ठरवलेल्या बाईच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा चढवून तिला बाजारातून फिरवायचे, तो ‘ब्रँक्स’ करायचाय. टांग्याच्या घोड्याची जुनी मोहरकी (डोक्यावरचे चामडी पट्टे) आणि कडियाळ (तोंडातला लोखंडी दांडा) हाताशी आहे. त्यातच फेरफार करून भागेल का? पात्राच्या डोक्यावर तो ११ मिनिटं राहील.

नालबंद
नाही भागणार. इंग्रजीत याला ‘स्कोल्ड्स ब्रायडल’, म्हणजे भांडखोर बाईचा लगाम, असंही म्हणतात; पण नाव लगामाचं असलं तरी वस्तू वेगळी. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते, कडियाळ तिथं बसतं. ओठाच्या कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या पडल्या की उंची बरोबर. सैल राहिलं तर दातांवर आपटतं, जास्त चढवलं तर ओठ सोलवटतो. ओढ दिली की घोडं थांबतं आणि लगेच ढील मिळाली की शिकतं. लगामाचं सगळं काम या देण्याघेण्यावर चालतं.

माणसाच्या तोंडात अशी मोकळी जागाच नाही. म्हणून ब्रँक्समध्ये साधारण २ इंच लांब, १ इंच रुंद पत्रा समोरून दातांमधून आत घालून जीभ दाबायचे. काहींच्या पत्र्याला काटे असत. ढील वगैरे काही नाही, साखळी फक्त फरफटत न्यायला. चामड्याची मोहरकी घातलीत तर प्रेक्षकांना टांगाच आठवेल.

जुनी_कात्रणं
काळाचं बघून घ्या. स्कॉटलंडमधल्या एडिनबरोची नोंद १५६७ ची आहे: एका बाईनं नगराधिकाऱ्यावर खोटी मापं वापरल्याचा आरोप केला, म्हणून तिला ब्रँक्स घालून चौकात तासभर उभं केलं. मापात पाप कोणाचं, हे कोणी तपासलं की नाही देव जाणे! इंग्लंडमधल्या वॉल्टन-ऑन-टेम्सच्या चर्चमधल्या ब्रँक्सवर १६३३ साल होतं. १६५५ मध्ये कार्लाइल या इंग्लिश गावात डोरोथी वॉ या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) प्रचारिकेला तो घातला. तिनंच लिहून ठेवलंय की तुरुंगाधिकाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे वजन एक स्टोन, म्हणजे सव्वासहा किलोच्या वर, आणि चेहऱ्यावर तीन लोखंडी पट्ट्या. तिचा गुन्हा भांडण नव्हता, बाजारात उपदेश करणं होता. संहितेत ‘भांडखोर’ एवढंच असेल तर तेही बघा.

आणखी एक: न्यायाधीश संवादात ‘कायद्याप्रमाणे ब्रँक्स’ म्हणत असेल तर खोडा. इंग्लिश कायद्यात भांडखोर बाईला शिक्षा होती ती पाण्यात बुचकळायच्या खुर्चीची. ब्रँक्स गावोगावच्या अधिकाऱ्यांनी आपल्या मर्जीनं वापरला.

उद्यमनगर_फिटर
आता करायचं कसं ते. मूळ रचना दोन पट्ट्यांची: आडवी जबड्याच्या पातळीवर, बाजूला बिजागरी, मागे उघडणारी. उभी पट्टी नाकापाशी दुभंगून कपाळावरून टाळूवर आणि मानेपर्यंत. तिच्या टोकाला खाच, खाचेतून आडव्या पट्टीची कडी बाहेर येते, तिला कुलूप.

तुम्ही २० मिमी रुंद, २ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियम पट्टी घ्या. बिजागऱ्या धरून पाव किलोच्या आत बसेल. आतून ५ मिमी फोम चिकटवायचाय, त्यानं घेर सुमारे ३ सेंमीनं कमी होतो. डोक्याच्या मापात तेवढे आधीच वाढवा. इथंच बहुतेकांचं चुकतं आणि तालमीत कानशिलं दुखतात.

पॉप रिव्हेट (पट्ट्या जोडायची पोकळ खिळी) नेहमीप्रमाणे बाहेरून मारला तर तिची फुगलेली गाठ आत राहून कपाळात रुतते. उलटा मारा: चपटं डोकं आत, गाठ बाहेर. ती लांबून जुन्या रिव्हेटसारखीच दिसते.

नुसता ऑइलपेंट अ‍ॅल्युमिनियमवर टिकत नाही, सोलून निघतो. पॉलिश पेपर, एच (etch) प्रायमर म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला थर, मग मॅट काळा, वर स्पंजनं गंजाचा तपकिरी. चकाकी राहिली तर दिव्याखाली सगळं पत्र्याचं खेळणं वाटेल.

रंगपट_करवीर
जिभेचा पत्रा? आणि कुलूप खरं ठेवू का?

उद्यमनगर_फिटर
पत्रा अजिबात नको. आडव्या पट्टीआड तोंड झाकलेलंच असतं, नटीनं ओठ मिटून धरले की झालं. कुलूप दिसायला लावा, पण कडी चुंबकावर ठेवा, एका हातानं सुटली पाहिजे. साखळी थेट पट्टीला अडकवू नका. मध्ये सुती दोऱ्याचा एकच पदर बांधा: सहकलाकारानं जोशात हिसका दिला तर दोरा तुटावा, तिची मान नव्हे. दोरा प्रत्येक प्रयोगाला नवा.